कॅटलान पंगतीतला एक दिवस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभ्या राहिलेल्या वक्त्याने विषय भारदस्त निवडावा, असा आपल्याकडे संकेत आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हा पुढे कधी तरी एखादा वक्ता येऊन श्रोत्यांना पाव-टोमॅटोची कृती सांगत बसेल, ही कल्पना त्यांच्या मनाला शिवली नसेल. आम्ही मात्र आज तेच करणार आहोत. तेही रात्रीच्या जेवणापूर्वीच्या वेळी, म्हणजे ऐकणाराची भूक जागी असताना. त्याबद्दल आपण आम्हाला क्षमा करावी. पण पाव-टोमॅटोपासून निघालेले बोलणे अखेरीस जिथे जाऊन पोहोचेल, ते ठिकाण आपल्या घरापासून फार दूर नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यात कॅटलोनिया नावाचा प्रांत आहे. त्याच्या डोक्याशी पिरेनीजचे डोंगर आणि उजव्या हाताला भूमध्य समुद्र. राजधानी बार्सेलोना. या लोकांची भाषा कॅटलान. ती स्पॅनिशची बोली आहे असा परक्यांचा समज असतो, आणि तो समज बोलून दाखविला, की इतका वेळ हसतमुख असलेला यजमान एकदम गंभीर होतो. मराठी ही हिंदीचीच एक तऱ्हा आहे असे कोणी म्हटले, तर आपली मुद्रा जशी होईल तशीच त्याची होते. वस्तुतः स्पॅनिश काय आणि कॅटलान काय, दोघीही लॅटिनच्या लेकी. एकीला साम्राज्य मिळाले, दुसरीला मिळाले नाही, इतकाच फरक.

आम्ही तेथे गेलो ते काही वर्षांपूर्वी, एप्रिल महिन्यात. आणि ज्या दिवसाविषयी बोलणार आहोत तो दिवस म्हणजे २३ एप्रिल. आपल्याकडे व्याख्यानमालांचे मांडव सजतात तो हा काळ. त्या लोकांचाही तो मोठा सण असतो, त्याविषयी पुढे सांगूच. आधी न्याहारी.

न्याहारीसाठी आम्ही एका गल्लीतल्या लहानशा उपाहारगृहात शिरलो. समोर ताटली आली. तीत भाजलेल्या पावाचे दोन जाड काप, एक टोमॅटो, लसणाची एक पाकळी, शेजारी ऑलिव्हच्या तेलाची कुपी आणि मीठ. आम्ही वाट पाहत बसलो, की स्वयंपाकी आता येऊन याचे काही तरी करील. कोणी येईना. शेवटी शेजारच्या टेबलावरील म्हाताऱ्या गृहस्थांना आमची दया आली. ते उठून आले, टोमॅटो आडवा चिरून त्याचे अर्ध त्यांनी पावावर असे चोळले, की पाव लाल झाला आणि हातात नुसती साल उरली. वर तेलाची धार, चिमूटभर मीठ, आणि झाले. लसूण पाहिजे असल्यास टोमॅटोच्या आधी चोळायचा, नको असल्यास नाही. या मुद्द्यावर तेथे घराघरांत मतभेद आहेत. या पदार्थाचे नाव 'पा अंब तुमाकेत', म्हणजे टोमॅटोसह पाव. शिळा पाव मऊ करून खाण्याची ही गरिबाची युक्ती. आज राजवाड्यातल्या मेजवानीलाही तो मांडतात. यासाठी टोमॅटोची एक खास जात असते. आपण कांद्याच्या माळा टांगतो तशा त्याच्या माळा घरात टांगून ठेवतात आणि त्या हिवाळाभर पुरतात.

'पा' हा शब्द कानावर पडताच आम्ही सावध झालो. कारण आपला 'पाव' पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या आणि वसईच्या किनाऱ्याला उतरला, आणि पोर्तुगीजांचा तो शब्द व कॅटलान 'पा' हे एकाच लॅटिन आईचे. म्हणजे वडापावातला पाव आणि बार्सेलोनाच्या गल्लीतला पाव हे नात्याने मावसभाऊ लागतात. परक्या देशात सकाळी सकाळी असा नातेवाईक भेटल्यावर परकेपणा बराच कमी होतो.

ते म्हातारे गृहस्थ निवृत्त शिक्षक निघाले. आम्हाला इंग्रजी येत होते, त्यांनाही थोडेफार येत होते. आज आपला नामदिवस आहे, आज जो संत आहे त्याचेच नाव आपल्याला आहे, तेव्हा आज आपण पाहुण्याला एकट्याने जेवू देणार नाही, असे त्यांनी जाहीर करून टाकले. आम्ही आढेवेढे घेतले, पण ते आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. म्हणजे फार नाही.

त्यांच्याबरोबर आम्ही रांबला नावाच्या रुंद रस्त्याने बाजारात गेलो. हा बुकेरिया बाजार. १८३५ साली जळालेल्या एका मठाच्या जागेवर १८४० साली त्याचे बांधकाम सुरू झाले. वरचे लोखंडी छप्पर १९१४ सालचे. आता तेथे प्रवाशांची एवढी झुंबड असते, की भाजी घ्यायला आलेल्या गृहिणीला वाट काढणे कठीण. तरी मध्यभागी मासळीचा कट्टा आहे, त्याच्या आजूबाजूला खारवलेला कॉड मासा भिजत घातलेला असतो, आणि एप्रिलात कोवळे मटार, बाकल्याच्या हिरव्या शेंगा व आर्टिचोकची काटेरी कळी यांचे ढीग लागलेले असतात. भाजीवाल्या बायका आपल्याकडच्यांसारख्याच. मालाला हात लावाल तर डोळे वटारतील, आणि घेतला तर वर मूठभर टाकतील.

आम्ही चार कॅटलान वाक्ये मोठ्या हौसेने पाठ करून गेलो होतो. एका बाईंना 'बोन दिया' म्हणून नमस्कार केला आणि मटाराचा भाव विचारला. बाई गोड हसल्या आणि त्यांनी स्पॅनिशमध्ये उत्तर दिले. आम्ही पुन्हा कॅटलान. बाई पुन्हा स्पॅनिश. शेजारच्या गाळ्यावरील बाईंशी मात्र त्या कॅटलानमध्येच बोलत होत्या. आमचे उच्चार इतके वाईट आहेत काय, असे आम्ही शिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "उच्चार वाईट आहेतच, पण कारण ते नव्हे. परका माणूस दिसला, की आमची जीभ आपोआप स्पॅनिशकडे वळते. आम्ही याला सभ्यता म्हणतो. मी लहान होतो तेव्हा याला भीती म्हणत असत."

त्या भीतीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. ११ सप्टेंबर १७१४ रोजी बार्सेलोना स्पेनच्या राजापुढे पडली आणि कॅटलानांच्या जुन्या राजसंस्था मोडल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात भाषेने पुन्हा डोके वर काढले. १९०७ साली विद्वानांची एक संस्था स्थापन झाली, आणि १९३२ साली पोंपेउ फाब्रा यांचा प्रमाण शब्दकोश बाहेर आला. घडी बसते आहे असे वाटू लागले तोच यादवी युद्ध पेटले. २६ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकोचे सैन्य बार्सेलोनात शिरले. त्यानंतर शाळा, कचेऱ्या, पाट्या, वर्तमानपत्रे यांतून कॅटलान हद्दपार झाली. मुलांची नावेसुद्धा स्पॅनिश रूपातच नोंदवावी लागत. आमच्या यजमानांच्या शाळेच्या दाखल्यावर 'होर्खे' आहे. त्याच नावाचे कॅटलान रूप फक्त आईच्या तोंडी होते. "माझ्या भाषेत मी पहिले पत्र लिहिले," ते म्हणाले, "तेव्हा माझी विशी उलटली होती. आणि ज्याने आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकविले, त्या माणसाच्या त्या पत्रात चुकाच चुका होत्या."

बोलत बोलत आम्ही रस्त्यावर आलो, तो रस्ता ओळखू येईना. जिकडे तिकडे पुस्तकांची टेबले आणि गुलाबांच्या बादल्या. हाच तो सान जोर्दीचा सण. राक्षसी नागाला मारून राजकन्येला सोडविणाऱ्या वीर संताची ही कथा. नागाच्या रक्तातून गुलाब उगवला असे ती सांगते. त्यामुळे या दिवशी प्रिय माणसाला गुलाब द्यायचा, ही चाल जुनी. गुलाबाला गव्हाची एक ओंबी बांधतात आणि लाल-पिवळ्या पट्ट्यांची फीत. पुस्तकाची चाल नवी आहे. बार्सेलोनात व्यवसाय करणाऱ्या विसेंत क्लावेल नावाच्या प्रकाशकाने ग्रंथदिनाची कल्पना मांडली. १९२६ साली तो दिवस प्रथम ७ ऑक्टोबरला झाला, आणि १९३० पासून २३ एप्रिलला नेण्यात आला. संताचा सण आणि पुस्तकाचा सण एक झाले. १९९५ साली युनेस्कोने तोच दिवस जगाचा ग्रंथदिन ठरविला. आपल्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून २३ एप्रिलला जो कार्यक्रम होतो, त्याचे एक मूळ या रस्त्यावर आहे.

आम्ही टेबलांपाशी उभे राहून लोक पाहत होतो. आजीबाई नातवाला पुस्तक निवडून देत होत्या, बसचालक काखेत पुस्तक मारून कामावर निघाला होता, आणि प्रत्येक लेखकापुढे सहीसाठी रांग होती. मराठी लेखकाला हा देखावा दाखविला, तर तो तेथेच घर करून राहील.

दुपारचे जेवण यजमानांच्या घरी झाले. प्रथम आली 'एस्कालिवादा'. नावाचा अर्थ निखाऱ्याच्या राखेत भाजलेली. वांगे, ढोबळी मिरची आणि कांदा अख्खे भाजायचे, साल काढून लांब लांब चिरी करायच्या आणि तेल-मीठ घालून गार खायच्या. आम्ही पहिला घास घेतला आणि म्हणालो, "हे आमच्याकडचे भरीत आहे, फक्त याला फोडणी द्यायची राहिली." तेव्हा यजमानांनी वांग्याला कॅटलान शब्द सांगितला, 'आल्बेर्जिनिया'. हा शब्द अरबीतून आला. अरबीत तो फारसीतून, आणि फारसीत आपल्या भरतखंडातून गेला असे भाषापंडित सांगतात. म्हणजे सकाळी जसा एक मावसभाऊ भेटला, तसा दुपारी हा आपल्या गावाहून निघून अरबस्तानमार्गे येथे स्थायिक झालेला जुना नातलग.

मग मुख्य रस्सा आला, कोंबडीचा. त्यांच्या स्वयंपाकाची दोन सूत्रे आहेत, एक आरंभीचे आणि एक शेवटचे. आरंभी 'सोफ्रेजित', म्हणजे बारीक चिरलेला कांदा आणि टोमॅटो मंद आचेवर तेलात इतका वेळ परतायचा, की त्याचा मुरांबा व्हावा. घाई करणाऱ्याचे येथे काम नाही. शेवटी 'पिकादा'. खलबत्त्यात बदाम किंवा हेझेलनट, लसूण, तळलेल्या पावाचा तुकडा, अजमोदासारखी दिसणारी पार्सली, कधी केशर, हे सारे कुटून रस्सा उतरविण्यापूर्वी त्यात घालायचे. आपण वाटण आधी परततो; ते शेवटी घालतात. तेथील खलबत्त्याचा आवाज मात्र हुबेहूब आपल्या स्वयंपाकघरातला. जेवणानंतर दूध, अंड्याचा बलक, साखर, दालचिनी आणि लिंबाची साल घालून आटवलेली 'क्रेमा कातालाना' आली. तिच्यावर साखर पसरून तापलेल्या लोखंडाने ती जाळतात. वरची कडक पापडी चमच्याने फोडायची, हा लहान मुलांचा हक्क असतो. त्या दिवशी लहान मूल कोणी नव्हते, म्हणून तो मान आम्हाला मिळाला.

यजमानांनी कपाटातून एक पुस्तक काढले. कॅटलान भाषेतला 'सेन्त सोवी' हा पाकग्रंथ १३२४ सालचा आहे. त्याची ती आधुनिक आवृत्ती. १५२० साली बार्सेलोनात रॉबर्ट द नोला या राजाच्या आचाऱ्याचा पाकग्रंथ छापला गेला, तोही कॅटलानमध्येच. "आमच्या भाषेला सरकारी कचेरीत जागा नव्हती," ते म्हणाले, "पण कढईत सातशे वर्षांची वहिवाट होती." मग ते मिस्कीलपणे म्हणाले, "या जुन्या पुस्तकात एक वस्तू शोधून दाखवा. टोमॅटो." आम्ही हसलो. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली. त्यापूर्वी टोमॅटो कुठला? ज्या पदार्थावरून कॅटलान माणूस ओळखावा, त्याचा प्राणच मुळी परदेशी! कोणी तरी पहिल्यांदा तो घरात आणला, चुलीपाशी जागा दिली, त्याला आपल्या भाषेत नाव दिले. आणि काही शतकांत तो असा घरचा झाला, की त्याच्याशिवाय घराला ओळख उरली नाही.

तिसऱ्या प्रहरी यजमान आम्हाला 'पालाउ द ला मुजिका' या संगीतमंदिरात घेऊन गेले. दोमेनेक इ मोंतानेर या वास्तुकाराने १९०५ ते १९०८ या काळात ते ऑर्फेओ काताला या गायकवृंदासाठी बांधले. छताला रंगीत काचेचा एक प्रचंड थेंब लोंबतो आहे; दिवसाउजेडी तो पेटल्यासारखा दिसतो. पण यजमानांनी आम्हाला तेथे नेले ते काच दाखविण्यासाठी नव्हे. १९ मे १९६० रोजी या सभागृहात कवी जोआन मारागाल यांच्या जन्मशताब्दीची मैफल होती. त्यांचे ध्वजगीत कार्यक्रमातून सरकारने वगळले होते. सभागृहात मंत्री बसलेले. अशा वेळी प्रेक्षकांतून काही माणसे उठून उभी राहिली आणि त्यांनी तेच गीत म्हणायला सुरुवात केली. पोलीस त्यांच्यावर तुटून पडले, धरपकड झाली. या प्रकरणात जोर्दी पुजोल नावाच्या तरुणाला सैनिकी न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली. तेच पुजोल १९८० ते २००३ पर्यंत कॅटलान शासनाचे अध्यक्ष होते. यजमान त्या वेळी शाळकरी पोर होते. दुसऱ्या दिवशी घरी ही वार्ता कशी आली, हे सांगताना ते म्हणाले, "आईने ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन सांगितली."

फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारले. १९७९ साली प्रांताला स्वायत्तता मिळाली आणि १९८३ च्या कायद्याने कॅटलान शाळेत परतली. येथे कथा संपायला हवी. पुराणात ती येथेच संपली असती. पण श्रोतेहो, खरी गोष्ट पुढेच आहे.

संध्याकाळी यजमानांचा निरोप घेऊन आम्ही रावाल नावाच्या वस्तीतून पायी परतत होतो. या भागात पाकिस्तानातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. एका किराणा दुकानाच्या पाटीवर उर्दू अक्षरे पाहून आम्ही आत गेलो. दुकानदार पंजाबकडचे. आम्ही हिंदीत बोललो, ते उर्दूत. दोघांनाही आपापल्या घरी आल्यासारखे वाटले. गल्ल्याशेजारी त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी गृहपाठ करीत होती. शाळेत करायला लावलेला कागदाचा गुलाब तिने वहीपाशी ठेवला होता. आम्ही सकाळच्या न्याहारीचे नाव घेताच ती खळखळून हसली आणि तिने आमचा उच्चार तीनदा दुरुस्त केला. "हिची कॅटलान उत्तम आहे," बाप कौतुकाने म्हणाला. आम्ही विचारले, "आणि आपली?" तो थोडा गप्प राहिला. "भाईसाब, बारा वर्षे झाली. मीही शिकलो होतो, वर्गाला जात होतो. पण दुकानात येणारा प्रत्येक माणूस माझा चेहरा पाहून स्पॅनिशमध्ये सुरू होतो. मी त्यांच्या भाषेत बोललो तरी तो उत्तर स्पॅनिशमध्ये देतो. मग मी सोडून दिले."

सकाळी भाजीवाल्या बाईंनी आमच्याशी जे केले, तेच बारा वर्षे या माणसाच्या वाट्याला आले होते. बाईंच्या मनात काही वाईट नव्हते, त्याच्या गिऱ्हाइकांच्या मनातही नसेल. या शतकाच्या आरंभी कॅटलोनियाची वस्ती साठ लाखांच्या थोडी वर होती. २०२३ साली तिने ऐंशी लाखांचा टप्पा ओलांडला. आलेले बहुतेक बाहेरून आलेले. तेथील शासन भाषावापराची पाहणी करते. २००३ साली नेहमीची भाषा कॅटलान असे सांगणारे शेकडा ४६ होते. २०२३ साली ते ३२.६ झाले. भाषा समजणारे मात्र शेकडा नव्वदांहून अधिक आहेत. चाळीस वर्षांच्या बंदीतून जी भाषा स्वयंपाकघरात जगली, ती बंदी उठल्यावर रस्त्यावर मागे पडते आहे; आणि त्याला काही अंशी तरी तिच्या लेकरांची सभ्यता कारण आहे.

त्याच रात्री कॅथेड्रलसमोरच्या चौकात आम्ही 'सार्दाना' पाहिला. हा त्यांचा फेर धरून करायचा नाच. अकरा वादकांचा ताफा, त्यांपैकी एक जण छोटी बासरी आणि छोटा ढोल एकट्यानेच वाजवितो, म्हणून वाद्ये बारा. माणसे हात धरून वर्तुळ करतात, पिशव्या आणि कोट मध्यभागी ढीग घालून ठेवतात, आणि पावले मोजीत नाचतात. या फेरात कोणीही शिरावे. जोडप्याची ताटातूट करू नये, एवढाच नियम. एका आजीबाईंनी आमच्याकडे पाहून हात पुढे केला. आम्हाला पावले येत नव्हती. त्यांनी आपल्या पावलांची गती कमी केली, तोंडाने अंक मोजून दाखविले, आणि ते कॅटलानमध्ये मोजले. आमच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी भाषा बदलली नाही. एक ते आठ हे कॅटलान अंक त्या रात्रीपासून आम्हाला येतात. पुस्तकातून घोकलेली चार वाक्ये मात्र आम्ही विसरून गेलो.

श्रोतेहो, आता आपल्या घरी येऊ. मुंबईत, पुण्यात, आता तर लहान शहरांतही, रिक्षा थांबविताना, भाजी घेताना, बँकेच्या खिडकीशी उभे राहताना समोरचा माणूस परप्रांतीय दिसला, की आपली जीभ कुठे वळते, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. आम्ही आठवून पाहिले आणि आम्हाला शरम वाटली. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला पंधरा वर्षे येथे आहे. त्याला मराठी समजते. आम्ही त्याच्याशी आजवर हिंदीत बोलत आलो, तेही मोडक्या हिंदीत, आणि त्याला आम्ही सौजन्य समजत होतो. त्याच्या मुलाला शाळेत मराठी येते. तो मुलगा आमच्याशी मराठीत बोलला, तर आम्ही 'वा, मराठी छान बोलतोस' असे म्हणून पुन्हा हिंदीवर येतो.

आपल्या दारी पाहुणा आला, तर त्याला परकी पक्वान्ने आणून आपण वाढीत नाही. पुरणपोळी वाढतो, वर तुपाची धार धरतो, त्याला खायला जमले नाही तर कशी खायची ते दाखवितो. भाषेच्या बाबतीत मात्र आपण ताट आत ठेवून देतो. हे इस्त्रीवाल्यावर रागावून करण्याचे काम नव्हे. रागाने वाढलेले कोणी जेवत नाही. त्या आजीबाईंप्रमाणे पावलांची गती थोडी कमी करून, अंक तोंडाने मोजून दाखवून, हात पुढे करण्याचे काम आहे. टोमॅटो परका होता; त्याला कोणी घरात घेतले म्हणून तो घरचा झाला.

त्या प्रवासाहून परतल्यावर आम्ही इस्त्रीवाल्याशी मराठीत बोलू लागलो. पहिले आठ दिवस त्याला वाटले, की साहेब कशावरून तरी रागावले आहेत. नवव्या दिवशी त्याने मराठीत उत्तर दिले. त्याचे मराठी आमच्या हिंदीपेक्षा पुष्कळ बरे आहे.